नखाखाली रक्त साकळलं तर: ठेच लागल्यापासून नवं नख येईपर्यंत काय करायचं

पायावर जड वस्तू पडते, दाराखाली अंगठा चेंगरतो किंवा अंधारात पलंगाच्या पायाला जोरात ठेच लागते. पहिली कळ मस्तकात जाते, मग ठणका सुरू होतो आणि तासाभरात नख तांबडं-जांभळं दिसू लागतं. दुसऱ्या दिवशी ते जवळपास काळं पडलेलं असतं. या काळ्या रंगाला बहुतेक जण घाबरतात. खरं तर या दुखापतीत रंग ही सगळ्यात कमी तातडीची गोष्ट आहे. पहिल्या दोन दिवसांत लक्ष द्यायचं ते ठणक्याकडे, बोटाच्या हाडाकडे आणि नखाच्या कडांकडे. रंगाची पाळी नंतर येते, आणि तीही महिन्यांच्या हिशेबाने.

## नखाखाली काय घडतं

नख म्हणजे कठीण, निर्जीव पापुद्रा. त्याच्याखाली रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला मऊ थर असतो आणि त्याच्या लगेच खाली हाड. मार बसला की मधला मऊ थर वरचं नख आणि खालचं हाड यांच्यामध्ये चिरडला जातो. बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त साचतं. दंडावर मुका मार लागला तर रक्त आजूबाजूला पसरतं. इथे वरचं नख वाकत नाही, खालचं हाड सरकत नाही आणि साचलेल्या रक्ताला जायला जागाच नसते. तो दाब मज्जातंतूंवर येतो, म्हणून नाडीच्या ठोक्याबरोबर बोट ठणकतं. पाय खाली सोडला की ठणका वाढतो, वर ठेवला की उतरतो, तो याचमुळे.

कातडीखालचा काळानिळा डाग हिरवा-पिवळा होत दोनेक आठवड्यांत शरीरात जिरून जातो. नखाखालचं रक्त तसं जिरत नाही. ते वाळतं, नखाच्या आतल्या बाजूला चिकटतं आणि नख वाढेल तसं पुढे सरकतं. त्यामुळे चोळून, शेकून किंवा लेप लावून हा रंग जात नाही. त्यासाठी केलेली खटपट वाया जाते आणि चोळल्याने दुखणं मात्र वाढतं.

## पहिला तास

आधी बसा. चालून पाहणं, बोट हलवून पाहणं नंतर. बूट-मोजे लगेच काढा, कारण सूज चढल्यावर ते काढताना जीव जातो. बोटात काही दागिना असेल तर तोही आत्ताच काढा. सुजलेल्या बोटात तो रुतून बसला तर कापून काढावा लागतो.

कुठे कातडी फाटली असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवा आणि स्वच्छ गॉजने पाच-दहा मिनिटं सलग दाबून धरा. दर अर्ध्या मिनिटाने उचलून पाहिलं की थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू होतं.

मग बर्फ. तो फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवायचा, उघडा बर्फ कातडीवर नको. पहिले एक-दोन दिवस दर दोन-तीन तासांनी असं करता येतं. मात्र ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे किंवा पायात रक्तपुरवठा कमी आहे (मधुमेह बऱ्याच वर्षांचा असेल तर दोन्ही शक्य आहे), त्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊ नये. कातडी गोठते आणि कळतही नाही. पहिले दोन दिवस गरम पाण्याचा शेक कुणीच घेऊ नये, त्याने रक्तस्राव आणि सूज दोन्ही वाढतात.

पाय उंच ठेवा. उंच म्हणजे छातीपेक्षा वर: आडवं पडून टाचेखाली दोन-तीन उशा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणं बरं वाटतं, पण त्याने दाब फारसा उतरत नाही. पहिल्या रात्री झोप लागेल की नाही हे बऱ्याचदा या उशांवरच ठरतं. पांघरुणाचा नुसता स्पर्शही सहन होत नसेल तर पाय पांघरुणाबाहेर ठेवा किंवा पायाशी खोका उभा करून पांघरूण त्यावरून घ्या.

## दुखणं कमी करणारी गोळी

सुरुवात पॅरासिटामॉलने करावी. प्रौढांसाठी एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि 24 तासांत 4000 मिलिग्रॅमपेक्षा कधीही जास्त नाही. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरायला लोक विसरतात. मुलांचा डोस वजनावर ठरतो.

ॲस्पिरिन टाळा. त्याने रक्त गोठायला उशीर लागतो, म्हणजे नखाखाली आणखी रक्त साचण्याची सोय आपणच करतो. मुलांना तर ते स्वतःच्या मनाने कधीच देऊ नये. आयबुप्रोफेन काहीतरी खाऊन घेतलेलं चालतं, पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काहीही असेल तर नको. आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून सुरू असेल तर ठेच लागली म्हणून ती परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना फोन करा.

## बोट नीट पाहणं

कळ थोडी ओसरली की चांगल्या उजेडात दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहा. दुखावलेलं बोट वाकडं किंवा फिरल्यासारखं दिसतं का? टोकाचं पेर स्वतःहून वर-खाली हलतं का? बोटाचं टोक दाबून सोडलं की पांढरं झालेलं कातडं दोनेक सेकंदांत पुन्हा लालसर होतं का? सुन्नपणा आहे का? मग नखाला हात न लावता दोन्ही बाजूंनी हाड हलकेच दाबून पाहा. एका नेमक्या ठिकाणी तीव्र कळ आली तर हाड मोडलेलं असू शकतं.

"बोट हलतंय म्हणजे हाड मोडलेलं नाही" हा समज चुकीचा आहे. मोडलेलं बोटही हलतं. नखाखाली भरपूर रक्त साकळलेलं असताना खालच्या पेराला तडा गेलेला असणं हे डॉक्टरांच्या पाहण्यात नेहमीचं आहे. अंगठ्याच्या बाबतीत तर एक्स-रेचा आळस करू नये, कारण चालताना पाऊल पुढे ढकलण्याचं मोठं काम तोच करतो आणि हाड वाकडं जुळलं तर ते पुढे जाणवत राहतं. धाकट्या बोटांतलं सरळ राहिलेलं हाड शेजारच्या बोटाला बांधून ठेवलं की साधारण चार ते सहा आठवड्यांत जुळतं. बांधताना दोन बोटांच्या मध्ये कापूस किंवा गॉज ठेवायचाच, नाहीतर घामाने कातडी सोलवटते. मधुमेह्यांनी हे बांधकाम घरी करू नये.

आता नखाच्या कडा. नख तिन्ही बाजूंनी जागच्या जागी घट्ट आहे आणि काळेपणा फक्त आत दिसतो आहे, तर चिंता कमी. कडेने रक्त झिरपतं आहे, नख तडकलं आहे किंवा मुळाकडची कड कातडीतून उचकटून वर आली आहे, तर आतला मऊ थर फाटलेला असण्याची शक्यता मोठी. हे घरी सोडून द्यायचं काम नाही.

लहान मुलांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे मोठी माणसं फसतात. मुलांच्या बोटात शेवटच्या पेराच्या बुडाशी हाड वाढण्याचा भाग असतो आणि तो नखाच्या मुळाला अगदी लागून असतो. मुलाला जोरात ठेच लागून नखाच्या मुळाशी रक्त आलं, तर तो भाग तुटून जखम थेट हाडापर्यंत उघडी झालेली असू शकते. वरून दिसतं ते फक्त थोडं रक्त. हाडात संसर्ग गेला तर बोटाची वाढ कायमची बिघडू शकते. त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्यावा.

## डॉक्टरांकडे कधी जायचं

- गोळी घेऊन आणि पाय उंच ठेवूनही ठणका असह्य आहे. यासाठी पहिल्या 24 ते 48 तासांतच जावं, कारण पुढे दिला आहे तो उपाय नंतर फारसा उपयोगी पडत नाही.
- बोट वाकडं दिसतंय, सुन्न आहे, टोक फिकट किंवा निळं-थंड पडलं आहे.
- नख उचकटलं, तडकलं किंवा कातडी खोल फाटली.
- मधुमेह, पायातला रक्तपुरवठा कमी असणं, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध किंवा आजार, रक्त पातळ करणारी गोळी. यात दुखत नसलं तरी जा. मधुमेहात न दुखणं हे शुभ लक्षण नसतं.
- उघडी जखम आहे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नाही. स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसाला दहा वर्षं आणि मातीत किंवा घाणीत झालेल्या जखमेला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा डोस देतात.

## नखाला भोक पाडून रक्त काढणं

हा उपाय ऐकायला भयंकर, पण योग्य वेळी झाला तर ठणका मिनिटभरात उतरतो. डॉक्टर बोट स्वच्छ करतात आणि निर्जंतुक जाड सुईने किंवा विजेवर तापणाऱ्या बारीक टोकाच्या उपकरणाने नखाला छोटं भोक पाडतात. दाबून बसलेलं रक्त बाहेर येतं. नखाला स्वतःची संवेदना नसते, त्यामुळे टोक नखापुरतंच राहिलं तर भोक पाडताना विशेष दुखत नाही.

हे करायचं की नाही, ते दुखण्यावर ठरतं. अख्खं नख काळं आहे पण ठणका नाही, तर काही करायचं नाही. अर्धंच नख काळं आहे पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तर करून घ्यावं. दोन दिवस उलटून ठणका आपोआप बसला असेल तर आतलं रक्त गोठलेलं असतं, मग भोक पाडूनही काही वाहत नाही. पूर्वी निम्म्यापेक्षा जास्त नख काळं असलं की नख काढून आतला थर शिवायची पद्धत होती. आता नख आणि त्याच्या कडा शाबूत असतील तर नुसतं भोक पुरेसं मानतात. तेव्हा कुणी लगेच अख्खं नख काढू म्हणालं तर कारण विचारायला संकोच करू नका.

भोक पाडल्यावर दिवस-दीड दिवस थोडं थोडं झिरपत राहतं, आणि ते झिरपायलाच हवं. वर कोरडं गॉज ठेवा, ओलं झालं की बदला, दोन दिवस पाय पाण्यात बुडवू नका.

घरी सुई तापवून हा प्रयोग करण्याचे सल्ले सर्रास मिळतात. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. किती खोल जायचं याचा अंदाज नसतो आणि सुई आतल्या मऊ थरात घुसते. खाली हाड मोडलेलं असेल तर त्या भोकातून जंतूंना हाडापर्यंत वाट मिळते. नेलपॉलिश किंवा कृत्रिम नख असेल तर तापलेल्या टोकाने ते पेटूही शकतं.

## पुढचे दोन आठवडे

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. रोज साबण-पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह नीट कोरडं करा. पुढून उघडी किंवा रुंद, कडक तळव्याची चप्पल वापरा. मऊ तळवा प्रत्येक पावलाला बोट वाकवतो आणि तेच नको असतं. नखाची पुढची कड कापून आखूड ठेवा, म्हणजे ती मोज्यात अडकणार नाही. बोटाला पट्टी गुंडाळायची तर सैल, टोक उघडं ठेवून, म्हणजे त्याचा रंग दिसत राहील.

उलटं घडलं, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, बोट गरम लागायला लागलं, लाली पसरत चालली, कडेने पू आला, दुर्गंधी सुटली किंवा ताप भरला, तर तो संसर्ग आहे. नखाच्या कडेचं साधं नखुरडं असलं तरी ते डॉक्टरांना दाखवून निस्तरावं. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाऊन नव्हे.

## नख सुटू लागतं तेव्हा

बऱ्याच जणांचं नख काही आठवड्यांनी सैल होतं. खालून नवं नख येत असतं आणि ते जुन्याला वर ढकलतं. त्यात वावगं काही नाही. वावगं होतं ते ओढण्याने. एका कडेने लोंबणारं नख दुसऱ्या बाजूला अजून जिवंत थराला घट्ट धरून असतं, ओढलं की तो थर फाटतो आणि नव्या नखाचं नुकसान होतं.

कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवून नख मऊ करा. स्वच्छ नेलकटरने फक्त सुटलेला भाग कापा, चिकटलेला तसाच राहू द्या. वर चिकटपट्टीचा एक वेढा पुरतो. पुढच्या आठवड्यात आणखी थोडं सुटेल, तेव्हा तेवढंच कापा.

नख अख्खं गळून पडलं तर खालचा गुलाबी भाग हुळहुळा असतो. तो धुवा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा, न चिकटणारं गॉज ठेवा आणि रोज बदला. आठवडा-दहा दिवसांत तो भाग टणक होतो आणि पट्टीची गरज उरत नाही. मार लागतानाच नख उपटून निघालं असेल तर गोष्ट वेगळी. ते फेकू नका, ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून बरोबर न्या. डॉक्टर कधीकधी तेच नख स्वच्छ करून आतल्या थरावर आच्छादन म्हणून परत बसवतात.

## नवं नख

हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला 12 ते 18 महिने लागतात, उतारवयात आणखी उशीर. वाढ लवकर व्हावी म्हणून विकल्या जाणाऱ्या तेला-मलमांवर पैसे घालू नयेत. नख मुळात तयार होतं, वरून चोपडलेलं तिथवर पोचत नाही.

पहिलं नवं नख बऱ्याचदा खडबडीत, जाड किंवा आडव्या चरीचं येतं. ती चर पुढे सरकत टोकाशी निघून जाते. मुळालाच मोठी इजा झाली असेल तर मात्र उभी फट किंवा उंचवटा कायमचा राहू शकतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वर नख नसताना बोटाच्या टोकाचं मांस वर फुगतं आणि पुढे आलेलं नवं नख त्यात रुतायला लागतं. नख टोकाजवळ पोचायच्या सुमाराला रोज आंघोळीनंतर तो फुगवटा अंगठ्याने खाली-मागे दाबत जा. नख सरळ कापा, कोपरे गोल कोरू नका.

दुखावलेल्या नखात बुरशी सहज शिरते. नख पिवळट, जाड आणि भुसभुशीत होत असेल तर तसं असू शकतं, पण नुसत्या माराने बिघडलेलं नखही हुबेहूब तसंच दिसतं. बुरशीची औषधं महिनोन् महिने घ्यावी लागतात, म्हणून ती सुरू करण्याआधी नखाचा कीस तपासायला पाठवणं केव्हाही चांगलं.

## आता रंगाकडे

माराचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याच्या मागे, मुळाशी, स्वच्छ नख दिसू लागतं. हे पाहण्यासाठी दर महिन्याला सारख्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. दोन-तीन महिन्यांत मुळाशी काही मिलिमीटरची स्वच्छ पट्टी दिसायला हवी.

ती दिसत नसेल, मार लागल्याचं मुळीच आठवत नसेल, मुळापासून टोकापर्यंत उभा तपकिरी-काळा पट्टा असेल आणि तो रुंदावत असेल किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. नखाखाली मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. तो दुर्मीळ आहे, पण जास्त करून पायाच्या आणि हाताच्या अंगठ्यालाच होतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यातलं दुखणं सुरुवातीला फुटबॉल खेळताना लागलेला मार समजलं गेलं होतं. 1977 साली तो मेलानोमा असल्याचं निदान झालं आणि 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी ते गेले. "कधीतरी लागलं असेल" या समजुतीवर म्हणूनच विसंबू नये. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर फिकट उभे पट्टे असणं सामान्य आणि निरुपद्रवी आहे. शंका घ्यायची ती एकाच नखावरच्या, नव्या आणि बदलत्या पट्ट्याची.

## एकदाच न लागता, रोज लागून

धावणाऱ्यांची आणि डोंगर उतरणाऱ्यांची नखं एका मोठ्या माराशिवायच काळी पडतात. उतारावर पाय बुटात पुढे घसरतो आणि प्रत्येक पावलाला बोट आपटतं. इथे रक्त हळूहळू साचतं, ठणका बहुधा नसतो आणि भोक पाडायची गरज पडत नाही. उपाय बुटात असतो. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा उरते का पाहा, आणि सगळ्यात लांब बोट नेहमी अंगठाच असतो असं नाही. नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा म्हणजे टाच मागे धरून राहते, बोटांवर मात्र सैल सोडा. फार मोठा बूटही तेवढाच वाईट, त्यात पाय जास्त घसरतो. नखं आखूड ठेवावीत, पण लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री कापू नयेत. तीन-चार दिवस आधी कापली की कडा बोचत नाहीत आणि चुकून कातडी कापली गेली असेल तर भरून यायला वेळ मिळतो.